पूर्वपक्षाविना कसली चिकित्सा?

लालबागच्या एका परिचित कुटुंबातील मुलगा वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षात शिकतो. आजोबा गिरणी कामगार, वडील बेस्टमध्ये. त्याच्या टेबलावर मूल्यशिक्षणाच्या नोट्सचा एक पातळ गठ्ठा होता, तो सहज चाळला. नीतिशास्त्राची चार ओळींची व्याख्या. सॉक्रेटिस, कांट आणि मिल यांच्या नावांपुढे एकेक वाक्य. अखेरीस बहुपर्यायी प्रश्न. चिकित्सक विचारासाठी एकच उदाहरण दिलेले : सुसाट निघालेली ट्राम, एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक, तुम्ही ती कोणत्या रुळावर वळवाल? फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने १९६७ मध्ये मांडलेला हा प्रश्न वाईट नाही. पण मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला आली आणि कायमची थांबली. ज्या मुलाच्या खिडकीतून गिरणीच्या जागी उभा राहिलेला मनोरा दिसतो, त्याला नीती शिकविण्यासाठी आपल्या प्राध्यापकांना ट्रामच सापडावी, याला काय म्हणावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना आली. मूल्यशिक्षण आले, भारतीय ज्ञानपरंपराही आली. तत्क्षणी तथाकथित पुरोगामी वर्तुळातून ठरलेली हाकाटी उठली : शिक्षणाचे भगवेकरण! या मंडळींचे गृहीतक असे की, चिकित्सा ही वस्तू इंग्रजांबरोबर बोटीतून येथे उतरली. तत्पूर्वी हा देश केवळ पोथ्या घोकत बसला होता. म्हणून त्यांच्या लेखी चिकित्सक विद्यार्थी म्हणजे जो आपल्या आजीच्या देवघराकडे संशयाने पाहतो तो. त्याने मार्क्सकडे किंवा खुद्द आपल्या प्राध्यापकांकडे त्याच संशयाने पाहिले, की मात्र तो ‘प्रतिगामी’ ठरतो. स्वतःला वगळून जी चिकित्सा होते, तिला चिकित्सा म्हणत नाहीत.

या मंडळींना दूर कोठे न्यायचे कारण नाही. गिरगाव चौपाटीपर्यंत चालत यावे. तेथे विल्सन महाविद्यालयाची १८८९ ची देखणी वास्तू आहे. ज्या डॉ. जॉन विल्सन यांचे नाव तिला आहे, त्या स्कॉटिश मिशनऱ्याशी मोरभट दांडेकरांनी जाहीर वाद घातला आणि हिंदू धर्माचे मंडन करणारी पुस्तिका लिहिली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिचे खंडन प्रसिद्ध केले. त्या खंडनाच्या आरंभी त्यांनी मोरभटांच्या पुस्तिकेचे संपूर्ण भाषांतर छापले! हेतू धर्मप्रसाराचा होता, निष्कर्ष आम्हांला मुळीच मान्य नाहीत; परंतु प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण मांडावे आणि मग खोडावे, हा दंडक त्यांनी पाळला. या दंडकाला आपल्याकडे फार जुने नाव आहे : पूर्वपक्ष.

पुढे पाव शतकाने त्याच समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी उभे राहिले. मूळचे विष्णू भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातले, जकात खात्यातली नोकरी सोडून विरक्त झालेले. इंग्रजी शिक्षणाचा गंध नाही. १८५७ च्या आरंभापासून मे महिन्यापर्यंत त्यांनी मिशनऱ्यांशी चौपाटीवर जाहीर वाद केला. समोर जॉर्ज बोवेन यांच्यासारखा व्यासंगी अमेरिकन मिशनरी, भोवती गिरगावातले शेकडो श्रोते आणि तिकडे उत्तरेत रणकंदनाची तयारी! त्या वादाचे वृत्तांत दोन्ही पक्षांनी छापले. ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ हा ग्रंथ बावांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघाला. आणि हे बावा परधर्मीयांना उत्तरे देऊन थांबले नाहीत. १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून जमीन सर्वांनी मिळून कसावी, धान्य गावाच्या कोठारात ठेवून गरजेप्रमाणे घ्यावे, असे त्यांनी मांडले. आपल्यांनाही न पटणारे बोलण्याची हिंमत त्यांच्यापाशी होती. ज्यांना चिकित्सेचा भारतीय पुरावा हवा आहे, त्यांनी आणखी कोणता मागावा?

अर्थात विष्णुबावा आकाशातून पडले नव्हते. गौतमाच्या न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे पाडण्यासाठी होते ती वितंडा. वृत्तवाहिन्यांवर रात्री नऊ वाजता जे चालते, त्यास ‘वादविवाद’ म्हणणे हा वाद या शब्दाचा अपमान आहे. हेत्वाभासांचे पाच प्रकार तेथे आहेत, छलाचे तीन. ‘नवकंबल’ म्हणजे नवे कांबळे पांघरलेला. त्याला ‘तुझ्याजवळ नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारणे म्हणजे वाक्छल. हे उदाहरण ऐकून वर्गात हशा पिकेल आणि जन्मभर लक्षात राहील. सर्वदर्शनसंग्रहकार माधवाचार्य वेदान्ती, पण ग्रंथाचा आरंभ त्यांनी केला तो वेद न मानणाऱ्या चार्वाकापासून!

नीतीचेही तेच. खुन्याने विचारले तरी खोटे बोलू नये, असे कांटने १७९७ मध्ये प्रतिपादिले, हे नोट्समध्ये असते. पण कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची कथा सांगतो, ती नसते. सत्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने दरोडेखोरांना पळालेल्या माणसांची वाट खरीखुरी सांगितली, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. दोन्ही मते शेजारी ठेवा आणि मुलांना झुंजू द्या. लोकमान्यांनी हेच केले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’चे कर्मजिज्ञासा हे प्रकरण आरंभी शेक्सपिअरचे हॅम्लेट व कोरिओलेनस समोर आणते. पुढे सत्य-असत्याच्या विवेचनात महाभारताशेजारी सिजविकसारखे पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञ आदराने बसविले आहेत आणि मग त्यांची झाडाझडती घेतली आहे. मराठीत नीतिशास्त्राची याहून चांगली प्रवेशिका मला ठाऊक नाही. ती लिहिणाऱ्याचा पुतळा चौपाटीवरच, विल्सन महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर उभा आहे.

येथवर वाचून आपल्यापैकी काहींना समाधान वाटले असेल. त्यांच्यासाठी आता चार कटू शब्द. भारतीय ज्ञानपरंपरा अभ्यासक्रमात आली, पण ती वर्गात पोहोचते कशी? दादर स्थानकाबाहेरच्या मार्गदर्शकांतून! ‘न्यायसूत्रांचे कर्ते कोण? अ, ब, क, ड.’ घोकंपट्टीने मेकॉलेची पिढी घडली, असे म्हणणारे आपण गौतमालाही घोकायला लावणार आहोत काय? आणि आपल्या भ्रमणध्वनीवर रोज सकाळी येणारे ते संदेश! वैदिक काळातील विमाने, अमुक संस्थेने म्हणे मान्य केलेले तमुक. किती जण हेतू तपासतात आणि किती जण तसेच पुढे ढकलतात? शिवाजी पार्कच्या सावरकर सदनात राहणाऱ्या त्या बुद्धिनिष्ठ पुरुषाने गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे निःसंदिग्धपणे लिहिले. ते मत स्वीकारा वा नाकारा. पण त्यांच्या तसबिरीला हार घालताना ते निबंध कपाटात कुलूपबंद ठेवणे, ही वंचना आहे. अभ्यासक्रम आपल्या मताचा आहे एवढ्याने तो उत्तम ठरत नाही. तो उत्तम ठरेल तो आपल्या विरुद्ध मताचा विद्यार्थीही त्यात पहिला येऊ शकला तर. आपले प्राध्यापक कार्यकर्ते अभ्यास मंडळांवर आहेत. त्यांनी एवढा एक आग्रह धरावा, की प्रश्नपत्रिकेतील पहिला प्रश्न असा असेल : ‘तुम्हांला मान्य नसलेले एक मत, ते मानणाऱ्यालाही पसंत पडेल अशा रीतीने मांडा.’

त्या मुलाला प्रकल्प करायचा होता. ट्राम बाजूला ठेव, म्हटले, गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न घे. १९९१ च्या नियमाने जमिनीचे तीन वाटे ठरले : महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि बांधकामाखालची जमीन हिशेबातून गळली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये एक निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरविला. न्याय्य काय होते, ते तू लिही.

‘सुरुवात आजोबांपासून करतो,’ तो उत्साहाने म्हणाला. १९८२ च्या संपानंतर आजोबा पुन्हा कामावर गेलेच नव्हते.

आजोबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. तेथूनच म्हणाले, ‘माझं नंतर लिही. आधी मालकाचं काय म्हणणं होतं, ते लिही.’