नवीन क्लायंट आहे? आधी ॲडव्हान्स, मग काम

"काम तर सुरू करा, पैशाचं बघू नंतर" असं नवीन क्लायंट म्हणाला की आपल्यातले बरेच जण मान डोलावतात. पैसे मागितले तर काम हातचं जाईल, ही भीती. माझं मत स्पष्ट आहे: लोगो असो की लग्नपत्रिका, पहिल्या कामाला निम्मे पैसे खात्यात आल्याशिवाय हात लावू नका. मंडपवाला, केटरर सगळे बयाणा घेतात. त्यांचा कोणाला राग येतो का?

रक्कम, किती वेळा बदल करून देणार आणि उरलेले पैसे कधी, हे व्हॉट्सॲपवर लिहून "ओके" घ्या. फायनल फाइल पूर्ण पैसे आल्यावरच.

उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवाच. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, लेखी मुदत ठरली असेल तर फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. पुढे बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज. पण पाच-सहा हजारांसाठी तक्रारीच्या मागे कोण फिरणार?

"एवढाही भरवसा नाही का?" असं कोणी विचारलंच, तर हसून सांगा, "दादा, पहिल्या कामाला सगळ्यांना हाच नियम."