बेकरीचा धूर आणि कार्बनचा हिशेब
मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. यातल्या कितीतरी भट्ट्या आपल्याच लोकांच्या. धूर कमी व्हायलाच हवा; तो मोहल्ल्यातल्या पोरांच्याच छातीत जातो. पण कार्बन डायऑक्साइडचा हिशेब चिमणीवर नाही, इंधनाच्या बिलावर होतो. १९ किलोचा सिलिंडर जळला की साधारण ५७ किलो. लाकडाचा मात्र जंगलाच्या खात्यात धरतात. म्हणजे हवा सुधारूनही कागदावर गॅसवाली बेकरीच दोषी दिसेल! म्हणून आम्ही बेकरीवाल्या भावांना सांगतो, आधीची लाकडाची आणि आताची गॅसची, प्रत्येक पावती जपून ठेवा. उद्या कुणी हिशेब मागितला, तर तीच आपल्या बाजूने बोलेल.