आलोयणा आपली, नाव दुसरीचं



इन्क्विझिशन म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. १५६० मध्ये पोर्तुगीजांनी तिथं हे धर्मन्यायालय बसवलं आणि मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं आहे. त्यात १७३६ चा एक हुकूमनामा आहे. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांनी जुन्या चालीरीतींपैकी काय काय करायचं नाही, याची ती लांबलचक यादी. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. नवरीला हळद-तेल लावायचं नाही. अंगणात तुळस ठेवायची नाही. एकादशी धरायची नाही. बाईनं चोळी नेसायची नाही. आणि भात अळणी शिजवायचा नाही.

अळणी भातापाशी मी थांबले. आपण ओळीला नऊ दिवस आयंबिल करतो तेव्हा दुसरं काय खातो? हुकूम आपल्यासाठी नव्हता, बाटलेल्यांसाठी होता, हे खरं. पण विचार करा, कोणाच्या तरी चुलीवरच्या भातात मीठ आहे की नाही, हे न्यायालयाला कळणार कसं? शेजारीण सांगेल तेव्हाच. किंवा जाऊ सांगेल, किंवा कामाला येणारी बाई सांगेल.

माझा आजचा विषय हाच आहे. बाईवर आरोप कोण करतं आणि तो करायला तिला कोण भाग पाडतं.

गोव्याच्या न्यायालयाचे बहुतेक कागद ते बंद झाल्यावर नष्ट केले गेले, त्यामुळे तिथल्या एकेका बाईची गोष्ट हाती लागणं कठीण. पण स्पेननं अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत अशीच न्यायालयं बसवली होती. लिमाला १५७० मध्ये, मेक्सिकोत १५७१ मध्ये आणि कार्ताहेना या बंदरात १६१० मध्ये. कार्ताहेना आज कोलंबिया देशात आहे. तिथले खटल्यांचे कागद स्पेनमध्ये टिकून राहिले. त्यातलीच एक पाउला दे एगीलुस.

पाउला जन्मानं गुलाम. सांतो दोमिंगोत जन्मली, विकली जात जात क्यूबातल्या तांब्याच्या खाणीच्या गावी पोहोचली. तिथल्या मालकाची ती गुलामही होती आणि ठेवलेली बाईही. तिला झाडपाल्याची माहिती होती, दुखणीखुपणी बरी करायची, चांगले कपडे घालायची. गावात बोलणं सुरू व्हायला एवढं पुरेसं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. कोणाचं तरी नवजात बाळ दगावलं आणि पाउलानं त्याचं रक्त बेंबीतून शोषलं, असा आरोप आला. १६२४ मध्ये तिच्यावर कार्ताहेनाला खटला चालला. पकडल्याबरोबर तिच्या मालमत्तेची यादी झाली, कपडे एकेक करून लिहून घेतले. (आम्ही कॉमर्सवाले यादी पाहिली की आधी तीच वाचतो. गुलाम बाईकडे इतके चांगले घागरे कुठून आले, हा प्रश्न त्या लिहिणाऱ्याच्या मनात नक्की आला असणार.)

पाउला सुरुवातीला म्हणत होती, मी औषधपाणी करते, चेटकीण नाही. पुढे पुढे तिच्या जबानीत सैतान आला, रात्रीच्या सभा आल्या, सगळं आलं. न्यायाधीशांना जे ऐकायचं होतं ते. तिला फटके बसले आणि शहरातल्या इस्पितळात सेवेला लावलं. म्हणजे जिच्या औषधाला चेटूक म्हटलं, तिलाच आजाऱ्यांच्या उशाशी बसवलं.

आता ही पद्धत कशी होती ते नीट पाहू, कारण खरी गोम तिथं आहे. वर्षातून एकदा, साधारण त्यांच्या उपवासाच्या काळात, चर्चमध्ये एक जाहीरनामा वाचून दाखवत. कोणकोणती कृत्यं पाप आहेत याची यादी, आणि पुढे आज्ञा, की तुम्ही स्वतः असं काही केलं असेल किंवा दुसऱ्या कोणी केल्याचं पाहिलं-ऐकलं असेल तर ठरलेल्या दिवसांत येऊन सांगा. न सांगितलंत तर धर्माबाहेर. म्हणजे चुगली करणं हे कर्तव्य आणि गप्प बसणं हा गुन्हा. जिच्यावर आरोप आला तिला तो कोणी केला हे सांगत नसत. साक्षीदारांची नावं गुप्त. ती कोठडीत बसून आठवत राहायची, आपलं कोणाशी वाकडं आहे.

आणि सगळ्यात भयंकर गोष्ट अशी, की तिनं आपलं पाप कबूल केलं तरी तेवढ्यानं भागत नसे. बरोबर कोण कोण होतं ते सांग, म्हणत. नावं सांगितली नाहीत तर कबुली अपुरी, आणि अपुरी कबुली म्हणजे खोटी कबुली.

मैत्रिणींनो, आपणही पापं सांगतो. पक्खीला, चौमासीला, संवत्सरीला सांगतो. महासतींजवळ आलोयणा घेतो तेव्हा वर्षभराचं काढून बोलतो. पण आजवर कोणत्या महासतींनी तुम्हाला विचारलंय का, की बाई, तू हे केलंस ते ठीक, पण तुझ्या जावेनं काय केलं? उलट आपण भरात येऊन दुसरीचं सांगायला लागलो तर त्या थांबवतात. ‘तुमचं सांगा.’ या दोन शब्दांची किंमत मला कार्ताहेनाचे खटले वाचल्यावर कळली. तिथं आलोयणा होती, प्रायश्चित्त होतं, पश्चात्तापाचा झगाही होता. फक्त ती दुसरीच्या नावाशिवाय पुरी होत नव्हती.

१६३२ नंतर पाउला पुन्हा पकडली गेली, एकदा नाही, दोनदा. तोवर तिचा शहरात चांगला जम बसला होता. तिच्याकडे येणाऱ्या बायकांत गुलाम होत्या, मुक्त झालेल्या होत्या, गोऱ्या घरंदाज बायकाही होत्या. या वेळी नावांची साखळी लागली. दिएगो लोपेस नावाचा एक शल्यवैद्यही सापडला होता, त्यानं भराभर नावं घेतली. पाउलानंही घेतली. तिनं नाव घेतलेल्या बायका आत आल्या, त्यांनी आणखी नावं दिली. मला ते साखळी पद्धतीचे डबे-तेल विकणारे आठवले, चार मैत्रिणी आणा म्हणजे तुमची सुटका. पाउलाला मी यात दोष देणार नाही. अंधाऱ्या कोठडीत, फटक्यांच्या भीतीनं घेतलेलं नाव आणि दुपारी चहा पिता पिता घेतलेलं नाव यांना मी एकाच वहीत लिहिणार नाही.

या बायका पाउलाकडे कशाला जायच्या, तेही सांगते. नवरा मारतो, त्याचा हात थांबावा म्हणून. नवरा दुसरीकडे जातो, तो परत यावा म्हणून. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या कागदांतही हेच आहे. तिथं घरोघरी चॉकलेट पीत, म्हणजे आपल्या चहासारखं, दाट आणि उग्र. बायका त्यात काहीबाही पूड मिसळून नवऱ्याला पाजत, असे कितीतरी आरोप आहेत, आणि काहींनी ते स्वतःच येऊन कबूलही केलं आहे. मी त्याचं समर्थन करत नाही. कोणाच्या पेल्यात न सांगता काही घालणं ही फसवणूकच, आणि ते काय काय घालत ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण एक प्रश्न राहतो. रोज मार खाणाऱ्या बाईला तिथं तक्रार करायला दार कोणतं होतं? न्यायालयाला तिचं चॉकलेट दिसलं, पाठीवरचे वळ त्याच्या कामाच्या यादीत नव्हते. बहुतेक वेळा अशा बायकांना अज्ञानी, भोळसट समजून दटावून, प्रायश्चित्त देऊन सोडत. त्यांची भीती खरी होती, हे मात्र कोणी लिहून घेतलं नाही.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. चेटकीण म्हणून बायकांना हजारोंनी मारलं ते मुख्यतः जर्मनीच्या बाजूला, स्वित्झर्लंडमध्ये, स्कॉटलंडमध्ये, आणि तेही बहुतेक साध्या सरकारी न्यायालयांनी. अमेरिकेतलं सेलम, जिथं १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिली, तेही इन्क्विझिशनचं नव्हे. स्पेनच्या इन्क्विझिशननं चेटकाच्या आरोपावर त्या मानानं फार थोड्यांना मारलं. त्यामागे एका माणसाची चिकाटी आहे, आणि तो माणूस याच न्यायालयाचा अधिकारी होता.

आलोन्सो दे सालाझार फ्रियास त्याचं नाव. १६१० मध्ये स्पेनमधल्या लोग्रोन्यो गावी चेटकाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळलं. सालाझार त्या निवाड्यातल्या तिघा न्यायाधीशांपैकी एक. पुढच्याच वर्षी तो कबुलीजबाब घ्यायला डोंगराळ खेड्यांत फिरला. १,८०२ जणांनी येऊन कबुली दिली आणि त्यातली १,३८४ मुलं होती! मुलं! त्यानं आमच्या ऑडिटरसारखं काम केलं. तुम्ही सभेला गेलात म्हणता, मग जागा दाखवा. दोघींना वेगवेगळं विचारलं तर जागा जुळेनात. जादूचा लेप आहे म्हणता, मग आणा. लेप वैद्यांना दाखवले, जनावरांवर लावून पाहिले (हे वाचून मला वाईट वाटलं, पण सुदैवानं त्या जनावरांना काही झालं नाही, कारण लेपात काही नव्हतंच). त्यानं वर कळवलं, की मला एकाही गोष्टीचा बाहेरचा पुरावा मिळाला नाही, आणि या गोष्टी बोलल्या-लिहिल्या जाऊ लागेपर्यंत तिथं चेटूक नव्हतं. १६१४ मध्ये माद्रिदच्या वरिष्ठ मंडळानं त्याचं ऐकून नवे नियम काढले. पुरावा काटेकोर हवा, नुसत्या कबुलीवर जाऊ नका.

पाउलाचा पहिला खटला त्यानंतर दहा वर्षांचा. मुख्य कचेरीचं परिपत्रक शाखेत पोहोचतं, फाइलला लागतं आणि काम जुन्याच पद्धतीनं चालतं, तसं झालं. १६३८ मध्ये पाउलाला पुन्हा फटके आणि जन्मठेप मिळाली. आणि मग काय झालं पाहा. शहराला तिच्या औषधाची गरज होती. तिला कैदेतून बाहेर जायची परवानगी मिळू लागली. खुद्द बिशपवर उपचार करायला ती पालखीसारख्या खुर्चीतून, सोन्याची किनार असलेली ओढणी घेऊन जायची. मिळालेल्या पैशांतून बरोबरच्या कैद्यांना दान करायची.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि त्यांचा खून झाल्यावर तो आला. भोंदू बाबांसाठीचा कायदा एवढंच आपल्याला त्याबद्दल ठाऊक असतं. पण त्याच्या अनुसूचीत आणखी एक गोष्ट आहे. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते, असं म्हणून तिला बदनाम करणं, तिचं जगणं मुश्कील करणं हाही गुन्हा. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. कार्ताहेनात आरोप न करणं हा गुन्हा होता, इथं आरोप करणं हा गुन्हा आहे. चारशे वर्षांत हे झालं, हे मला फार मोठं वाटतं. आणि आपल्या अठरा पापस्थानकांत हे आधीपासूनच आहे. अभ्याख्यान म्हणजे खोटा आळ, पैशुन्य म्हणजे चहाडी, परपरिवाद म्हणजे दुसऱ्याची निंदा. अठरापैकी तीन जागा एकट्या जिभेच्या या कामाला दिल्या आहेत. प्राणातिपात म्हणताना आपण सावध असतो, पाणी गाळून घेतो, मुंगी वाचवतो. तेराव्या-चौदाव्याला येईपर्यंत प्रतिक्रमणाचा वेग वाढलेला असतो.

तुम्ही म्हणाल, आपण शिकलेल्या घरांतल्या, आपल्यात कोण कोणाला चेटकीण म्हणतं? तो शब्द नाही म्हणत. ‘तिची नजर बरी नाही’ म्हणतो. ‘तिच्या हातचं खाल्लं आणि’ असं म्हणून वाक्य अर्धं सोडतो. ‘सून आल्यापासून घराला उतरती कळा’ म्हणतो. आमच्या ओळखीत एक विधवा बाई आहेत, हाताला उत्तम चव. त्यांनी पाठवलेले लाडू एका घरी सुनेनं खाल्ले आणि आठवड्यानं तिचा गर्भ पडला. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, ते कारण कोणाच्या लक्षात राहिलं नाही, लाडू राहिले. मंडळात विषय निघाला तेव्हा मी सालाझारचा प्रश्न विचारला. कोणी काय पाहिलं? सातजणी होत्या. सातहीजणींनी ऐकलं होतं. कोणाकडून, तर प्रत्येकीनं दुसरीकडे बोट दाखवलं, आणि मग भिशीच्या तारखेचं बोलणं सुरू झालं.

त्या बाईंनी यंदा दिवाळीच्या फराळाचे डबे कोणाकडेच पाठवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, गुडघे दुखतात हो, होत नाही आता.