किल्ली काढून घेण्याआधी

मैत्रिणींनो, अपघाताची बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "चालवत कोण होतं?" चालवणारी बाई असेल तर दुसरा प्रश्न कुणाला पडतच नाही! साताऱ्यात काय नि सांगलीत काय, यात फरक नाही.

वैमानिक मंडळी मात्र अपघाताची चर्चा वेगळ्या तऱ्हेनं करतात. समजा, एखादं छोटं विमान उडाल्या उडाल्या कोसळलं, माणसं गेली. 'वैमानिक चुकला' एवढ्यावर ते थांबत नाहीत. इंधनात पाणी होतं का? निघण्याआधी टाकीतलं थोडं इंधन काढून पाहिलं होतं का? वजन जास्त झालं होतं का? ऊन किती होतं? कारण तापलेली हवा विरळ होते आणि उडण्याआधी विमानाला जास्त पळावं लागतं. इंजिन बंद पडल्यावर धावपट्टीकडे परत वळायचा प्रयत्न झाला का? एवढ्या कमी उंचीवर वळणं जिवावर बेततं, म्हणून समोरच मोकळी जागा बघून उतरा, असं शिकवतात. ही चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. उद्या त्यांनाच उडायचं असतं.

मोठ्या विमानाचं, आपल्याच राज्यातलं उदाहरण बघा. २६ एप्रिल १९९३. तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ वेळेत वर उठलं नाही. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता. विमान त्याला धडकलं, पुढे विजेच्या तारांना अडकलं आणि कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, असं चौकशीत निघालं. वैमानिकांची चूक झाकली नाही. पण विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखायला हवी होती, ती रोखली नाही, हा ठपका राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणावरही आला. नुसती वैमानिकांवर बोटं दाखवून विषय मिटवला असता, तर त्या रस्त्याचा प्रश्न कुणी विचारला असता का?

आता आपल्या रस्त्यांवर या. गळीत हंगामात रात्रीच्या अंधारात उसाची ट्रॉली उभी असते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. क्लासहून येणारी मुलगी स्कूटीसकट तिच्यावर आदळते. दवाखान्यात बघायला येणारे काय म्हणतात? "मुलींना गाड्या देऊच नयेत." झालं! मुलीची किल्ली कपाटात जाते, क्लास सुटतो आणि ट्रॉली दुसऱ्या दिवशी तशीच बिनदिव्याची रस्त्यावर! मग परवा तिथेच कुणाचा तरी मुलगा आदळतो.

मुलीचं काहीच चुकलं नसेल, असं मी म्हणत नाही. वेग जास्त असेल, हेल्मेट डिकीत असेल. तेही तिला सांगायलाच हवं. पण सोबत ट्रॉली, खड्डा, बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा हेही विचारायला नको का?

तेव्हा घरात किंवा गावात असं काही घडलं, तर 'कुणाचं चुकलं' याआधी 'काय काय चुकलं' ते कागदावर लिहून काढा. तो कागद घेऊन चारजणी ग्रामसभेत जा, कारखान्याच्या शेती ऑफिसात जा आणि हंगामाआधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर मागा. आणि मुलगी बरी झाली की तिची किल्ली तिला परत द्या.