न मोजलेल्यांचे धान्य

जनगणना हा कचेरीतील कारभार आहे, चळवळीशी त्याचा संबंध काय, असा समज आपल्या कार्यकर्त्यांतही आढळतो. हा समज कष्टकऱ्यांना महागात पडला आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली गणना १९४१ साली, महायुद्ध चालू असतानाही, चुकली नव्हती. २०२१ ची मात्र चुकली. कोरोनाचे कारण काही काळापुरते कोणीही मान्य करील. परंतु त्याच साथीतून गेलेल्या नेपाळने २०२१ मध्ये, बांगलादेशाने २०२२ मध्ये आणि पाकिस्तानने २०२३ मध्ये आपली माणसे मोजली. आपल्या सरकारची अधिसूचना निघाली ती जून २०२५ मध्ये, आणि गणनेची संदर्भतारीख ठरली १ मार्च २०२७.

या विलंबाची किंमत कोणी दिली? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के व शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क पोहोचविला. मात्र राज्यवार लाभार्थी ठरवावयाचे ते ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत तिच्या आधारे, असे याच कायद्याचे नववे कलम सांगते. परिणामी देशाची मर्यादा सुमारे ८१ कोटींवर आणि महाराष्ट्राची सुमारे ७ कोटींवर गोठली. २०११ च्या गणनेनंतर जन्मलेली मुले आज माध्यमिक शाळेत जाऊ लागली, तरी इष्टांक तोच. शिधापत्रिकेवर नाव चढविण्यासाठी तहसील कचेरीत गेलेल्या बाईला ‘इष्टांक संपला’ एवढेच उत्तर मिळते. ती अपात्र आहे असे कोणी म्हणत नाही. ती हिशेबातच नाही. अशा रीतीने वगळले गेलेले लोक दहा कोटींहून अधिक असावेत, असा अंदाज ज्याँ द्रेझ व रितिका खेरा यांनी २०२० मध्येच मांडला होता. धान्य कमी करण्याचा ठराव कोणत्याही सभागृहात करावा लागला नाही. माणसे न मोजणे पुरेसे झाले.

हे हेतुपुरस्सर घडले की काय, या वादात आम्ही शिरत नाही. तथापि गैरसोयीच्या आकड्यांशी सत्ताधाऱ्यांचे वर्तन कसे असते हे देशाने पाहिले आहे. २०१७-१८ चा बेकारीचा अहवाल रखडला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. ६.१ टक्के बेकारी दाखविणारा तो अहवाल लोकसभेच्या निवडणुका आटोपल्यावर बाहेर आला. त्याच वर्षाच्या कुटुंबखर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणार नाही, असे सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले. सामग्री सदोष असल्याचे कारण देण्यात आले. ते खरे असेल तर तो दोषही लोकांना तपासू द्यावयास हवा होता.

मुंबईच्या कामगाराला हे शिकवावे लागत नसे. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर बेततो तो निर्देशांकच बाजारभावाशी इमान राखत नाही, अशी तक्रार घेऊन तो १९६३ साली रस्त्यावर उतरला. राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली, आणि निर्देशांकात दोष असल्याचे त्या समितीस आढळले. गिरणीतल्या माणसाला सांख्यिकी येत नव्हती; ज्वारीचा भाव येत होता. तेवढ्यावर त्याने सरकारी आकड्याला जाब विचारला!

आज हा जाब जनगणनेच्या बाबतीत विचारावयास हवा, आणि तोही वेळेआधी. माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत व्हावयाची आहे. त्या महिन्यात बीडचा ऊसतोड मजूर गावी नसतो. बायकापोरांसह तो एखाद्या साखर कारखान्याच्या परिसरात कोपीत राहत असतो. गावात त्याच्या दाराला कुलूप, आणि फडावर तो परका. प्रगणक कोपीपर्यंत पोहोचतो की नाही हे त्या त्या तालुक्यातील आपल्या शाखांनी पाहावे. कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या आताच मागवाव्यात, आणि एकही तळ सुटणार नाही याची लेखी हमी जिल्हाधिकाऱ्यांकडून गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी.