पासवर्डची मुदत आणि माणसाची मुदत

तिजोरीची किल्ली मुनीमजींकडे असे, तेव्हा पेढीचा रिवाज सरळ होता. मुनीमजी काम सोडून गेले की किल्ली परत घेतली जाई आणि सावध मालक कुलूपही बदलून टाकी. केवळ महिना उलटला म्हणून कुणी कुलूप बदलत नसे. हिशेब संगणकावर गेले आणि हा क्रम उलटा झाला. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती घरोघरच्या कचेऱ्यांत आली. पण काम सोडून गेलेल्या लेखनिकाचे नाव संगणकात अजून चालू आहे, हे पाहण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

मुळात या दोन वेगवेगळ्या मुदती आहेत. पासवर्डची मुदत संपली, तर संगणक नवा पासवर्ड ठरवायला सांगतो आणि तो ठरवला की दार पुन्हा उघडते. यूजरची मुदत संपली, तर पासवर्ड अचूक असूनही दार उघडत नाही. गेलेल्या माणसाला पहिली मुदत अडवत नाही. जुना पासवर्ड त्याला ठाऊकच असतो, त्यामुळे नवा ठरवण्याची संधीही संगणक त्यालाच देतो. पेढीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती दुसरी मुदत.

पहिल्या मुदतीचे माहात्म्य वाढण्यास एक सरकारी पुस्तिका बरीच कारणीभूत झाली. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डविषयी मार्गदर्शन लिहिले. अक्षरे, अंक व चिन्हे यांची सरमिसळ करावी आणि पासवर्ड नियमाने बदलावा, हा उपदेश तेथून जगभर पसरला. २०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी बंद झालेल्या हजारो खात्यांचे जुने पासवर्ड क्रमाने तपासले. एक पासवर्ड हाती असेल, तर पुढचा सुमारे १७ टक्के खात्यांत पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येतो, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. बदलाची सक्ती झाली की माणूस ‘दुकान१’चे ‘दुकान२’ करतो, आणि तेही विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून कीबोर्डखाली सरकवतो. २०१७ मध्ये त्याच मानक संस्थेने ठराविक काळाने बदल करण्याची सक्ती नको, पासवर्ड फुटल्याचे दिसले तर मात्र तो बदलायला लावावा, असा नियम केला. बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. ज्यांच्यावर कार्ड-व्यवहारांच्या मानकासारखे बंधन आहे, त्यांनी ते पाळावेच. किराणा वा कापडाच्या पेढीने ते ओढवून घेण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट नावाची काळी खिडकी असते. ती ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडावी. पुढील आदेश टंकताना रोमन लिपीत टंकायचे, हे सांगणे न लगे. ‘नेट अकाउंट्स’ एवढेच टंकले की पासवर्डची कमाल मुदत दिसते. कुणी हात लावला नसेल तर ती ४२ दिवस असते. त्याच आदेशापुढे जागा सोडून तिरकी रेघ, ‘मॅक्सपीडब्ल्यूएज’, अपूर्णविराम आणि ‘अनलिमिटेड’ असे लिहिले की सक्ती संपते. दिवसांचा आकडा लिहिला तर तेवढी मुदत लागू होते.

खरे काम पुढच्या आदेशाचे आहे. नुसते ‘नेट यूजर’ लिहिल्यास संगणकातील सर्व नावांची यादी येते. ती वाचताना मालकाला दोन-तीन नावे ओळखूच येत नाहीत, असा अनुभव विरळा नाही. त्यापुढे एखादे नाव लिहिले की त्या यूजरचा पासवर्ड कधी बदलला, यूजर केव्हापर्यंत वैध आहे आणि शेवटचे लॉगिन केव्हा झाले, हे सारे एका पानावर येते. गेलेल्या माणसाच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन ‘अ‍ॅक्टिव्ह’, अपूर्णविराम, ‘नो’ असे लिहावे. यूजर पुसून टाकण्याची घाई करू नये. पुसल्यावर त्याच्या फाइलींच्या मालकाच्या जागी नावाऐवजी अंकांची लांबलचक माळ उरते आणि ते काम कुणाचे होते हे पुढे सांगता येत नाही.

नाव टिकण्याला आता कायद्याचेही वजन आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना, प्रत्येक फेरफाराची बंद न करता येणारी नोंद ठेवणारीच हिशेब-प्रणाली वापरावी लागते. मालकीच्या वा भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नसला, तरी भावाभावांत हिशेबाचा प्रश्न निघतो तेव्हा नोंद कुणी फिरवली हेच आधी विचारले जाते. सगळी पेढी एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने चालत असेल, तर या प्रश्नाला उत्तर नसते आणि संशय निरपराध माणसावर जातो. त्यामुळे मुदतींचा विचार करण्याआधी प्रत्येकाला स्वतंत्र नाव द्यावे. हिशेबाच्या प्रणालीतले यूजर विंडोजच्या यूजरपेक्षा वेगळे असतात. एक बंद केला म्हणजे दुसरा आपोआप बंद होत नाही.

मोठ्या पेढ्यांचा सर्व्हर पुष्कळदा लिनक्सवर असतो. तेथे हेच काम ‘चेज’ हा आदेश करतो. लहान ‘एल’ लावून नाव लिहिले की सर्व मुदती दिसतात. मोठा ‘एम’ पासवर्डचे कमाल दिवस ठरवतो. अनेक लिनक्स प्रणालींत मूळ आकडा ९९९९९ असतो, म्हणजे सुमारे पावणेतीनशे वर्षे! मोठा ‘ई’ यूजरची अखेरची तारीख ठरवतो. लहान ‘डी’पुढे शून्य लिहिले, तर पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावाच लागतो, नव्या माणसाला तात्पुरता पासवर्ड देताना हे उपयोगी पडते. ‘पासडब्ल्यूडी’ आदेशाला लहान ‘एल’ लावून यूजरला कुलूप लावल्याचे समाधान मात्र फसवे आहे. त्याने पासवर्ड तेवढा निकामी होतो; त्या माणसाने एसएसएचची किल्ली-फाइल ठेवलेली असेल, तर तो तिच्या आधारे आत येऊ शकतो. मोठ्या ‘ई’पुढे शून्य लिहिले की ती वाटही बंद होते.

एका ठिकाणी पासवर्डची मुदत उलट नुकसान करते. रात्री हिशेबाची प्रत काढणारे काम एखाद्या यूजरच्या नावाने लावलेले असते. त्या नावाने दिवसा कुणी बसत नाही, त्यामुळे मुदत संपल्याची सूचना कुणी वाचत नाही. मुदत संपते, रात्रीचे काम गुपचूप थांबते आणि डिस्क बिघडते त्या दिवशी शेवटची प्रत कित्येक महिन्यांपूर्वीची निघते. अशा नावाला पासवर्डची मुदत ठेवूच नये. त्याऐवजी प्रत निघाली की नाही, हे आठवड्यातून एकदा डोळ्यांनी पाहावे.

याउलट, लेखापरीक्षणासाठी येणारे सीएंचे आर्टिकल विद्यार्थी, हंगामापुरते घेतलेले मदतनीस किंवा प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ यांना नाव देतानाच शेवटची तारीख घालावी. विंडोजमध्ये ‘नेट यूजर’, नाव, मग तिरकी रेघ, ‘एक्स्पायर्स’, अपूर्णविराम आणि तारीख. लिहिलेली तारीख उजाडताच प्रवेश बंद होतो. म्हणून ३१ मार्चपर्यंत काम करू द्यायचे असेल, तर १ एप्रिल लिहावे. लिनक्सचा हिशेबही असाच आहे. विंडोजमध्ये दिवस आधी की महिना आधी, हे संगणकाच्या देशनिवडीवर अवलंबून असते. चार जानेवारीची पहिली एप्रिल होऊ नये, यासाठी तारीख घातल्यावर ‘नेट यूजर’ पुन्हा चालवून ती एकदा वाचून घ्यावी.