‘माझ्याकडे तर चालते!’

संगणकावर संकेतस्थळ तयार करणाऱ्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते – ‘माझ्याकडे तर चालते!’ एकाच्या यंत्रावर सुरळीत धावणारे काम दुसऱ्याच्या यंत्रावर पहिल्याच पावली अडखळते. कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. पीएचपी या भाषेत ‘ईच’ नावाचे फंक्शन ७.४ आवृत्तीपर्यंत होते. २०२० साली आलेल्या ८.० मधून ते काढून टाकण्यात आले. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी. एवढ्यावर सारा डोलारा कोसळतो.

२०१३ साली आलेल्या डॉकरमुळे यावरचा उपाय सर्वांच्या हाती आला. तो म्हणजे कंटेनर. यंत्रावरील लिनक्सचा गाभा एकच, पण कंटेनरमधल्या प्रोग्रॅमला स्वतःच्या फाइली आणि स्वतःचे नेटवर्क मिळते. कोणती पीएचपी, कोणता डेटाबेस, कोणते पोर्ट हे एका छोट्या ‘कंपोज’ फाइलीत लिहावे. एका आज्ञेसरशी सारी मांडणी उभी राहते.

मला या फाइलीचे मोल सोयीपेक्षा अधिक वाटते. आपण कला शाखेचे विद्यार्थी पाठभेद शिकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, ती कोणता पाठ कोणत्या पोथीतला याची नोंद ठेवून. तोच काटेकोरपणा येथेही हवा. पण अनेकजण आवृत्तीच्या जागी ‘लेटेस्ट’ लिहून मोकळे होतात. लेटेस्ट म्हणजे आज एक आणि सहा महिन्यांनी भलतेच! ‘कुठल्याशा पोथीत आहे’ म्हणण्यासारखेच हे.

कोणी म्हणेल, हे प्रकरण जड आहे. खरे आहे. विंडोजवर त्यासाठी आभासी लिनक्स चालवावे लागते आणि जुना संगणक धापा टाकू लागतो. शिवाय कंटेनर काढून टाकला की त्यातली माहितीही जाते. ती टिकवायची तर व्हॉल्यूम वेगळे जोडावे लागते. तरीही फाइल लिहावीच, असे माझे मत आहे. ज्याच्या यंत्राला डॉकर पेलत नाही, त्यालाही ती वाचून नेमके काय बसवायचे ते कळते.

मांडणी जुळवण्यातच आठवडा गेला, की नवखा मुलगा ‘हे आपले काम नाही’ म्हणून उठून जातो. त्याची बुद्धी कमी पडत नाही. आपण लिहून ठेवलेले कमी पडते. मित्रहो, आपले काम दुसऱ्याच्या यंत्रावर उभे राहीपर्यंत ते पूर्ण झाले असे म्हणू नये.